सहामाहीची तेरीज : २०१६ ची नवी मराठी गाणी



आम्ही बँकेत लागलो तेव्हा जूनची ३० तारीख म्हणजे घरी उशिरा जेवायची तारीख. सहामाही हिशेब बंद व्हायचा, व्याजाच्या नोंदी हाताने व्हायच्या आणि तेरीज जुळल्याशिवाय कोणी खुर्ची सोडत नसे. पुढे बँकांचे वर्ष एप्रिल ते मार्च झाले, संगणक आले, यथावकाश आम्ही निवृत्तही झालो. पण जून संपत आला की काहीतरी मांडून बघावे, ही खोड राहिलीच.

यंदा मंडळाच्या बैठकीत सहज प्रश्न निघाला : या सहा महिन्यांत मराठीत नवीन गाणी कोणती आली? पहिला म्हणाला, ‘सैराट’. दुसराही तेच म्हणाला. ‘सैराट’ सोडून सांगा म्हटल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे पाहू लागले. म्हणून आम्ही चार-पाच जणांनी एक शंभर पानी वही घेतली, उभ्या रेघा मारल्या आणि जानेवारी ते जूनची मांडणी केली. कोणता अल्बम, कधी आला, गाणी किती, संगीत कोणाचे, शब्द कोणाचे, आवाज कोणाचा, आपल्याकडे कुठे वाजला आणि महिन्यानंतरही कोणी ऐकतो का, असे रकाने. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण आलेली रक्कम आणि टिकलेली ठेव यांत फरक असतो.

ती मांडणी इथे देत आहोत. आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. ऐकणारे आहोत, आणि बाजारहत्नूरला बसून ऐकणारे आहोत. इथे काय पोचते आणि कसे पोचते, हाही या हिशेबाचाच भाग आहे.

आधी ‘अल्बम’ म्हणजे काय ते पाहू

मोजायचे तर माप ठरले पाहिजे. अल्बम हा शब्द गाण्यांना चिकटला तो फोटोच्या अल्बमावरून. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मोठी रचना असली की चार-सहा तबकड्या लागत. त्या तबकड्या पुठ्ठ्याच्या पानांच्या जाड वहीत घालून विकत, आणि ती वही दिसायची फोटोच्या अल्बमसारखी. १९४८ मध्ये अमेरिकेत एल.पी. निघाली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावू लागली, वहीची गरज संपली, पण नाव टिकले. मग कॅसेट आली, तिला ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाजू. नंतर सी.डी. आली, तिच्यावर सव्वा तासाच्या आसपास गाणी.

म्हणजे माध्यम बदलत गेले. कायम काय राहिले? गाण्यांचा एक ठरवलेला क्रम, त्यांना जोडणारा धागा आणि वेष्टनावर छापलेली नावे. ‘शिवकल्याण राजा’ आठवा. १९७४ मध्ये शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने आलेली ती तबकडी. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांचे संगीत आणि दोन गाण्यांच्या मधे बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन. त्यातले एक गाणे वेगळे काढून ऐकता येते, पण सबंध ऐकले तर कथा कळते. अल्बम तो हाच.

गाणी एकत्र विकली तरच अल्बम, असेही नाही. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशा गतीने आले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, एकूण ५६ गीते, आणि संपायला वर्ष लागले. आज ज्याला ‘सिंगल’ म्हणतात, तसेच एकेक गाणे. पण ऐकणाऱ्याला ठाऊक असे की मागच्या आठवड्यात कथा कुठवर आली होती. धागा कानात होता, म्हणून ते सुटे झाले नाही.

हे माप लावून यंदाचे खाते उघडतो.

आरंभीची शिल्लक : ‘कट्यार काळजात घुसली’

हा चित्रपट आला गेल्या दिवाळीत, १२ नोव्हेंबर २०१५ ला. काटेकोर बोलायचे तर तो यंदाच्या खात्यात येत नाही. पण आमच्याकडे गाणी उशिरा पोचतात आणि ही गाणी खऱ्या अर्थाने या सहामाहीतच ऐकली गेली. शिवाय २८ मार्चला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यांत ‘अरुणी किरणी’ या गाण्यासाठी महेश काळे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा ज्यांनी आधी ऐकले नव्हते, त्यांनीही मागून घेतले.

मूळ नाटक १९६७ चे. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे आपल्या शेजारच्या नागपूरचे. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. चित्रपटात खाँसाहेबांसाठी गायले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. महेश काळे हे अभिषेकीबुवांचे शिष्य. नव्या रचना शंकर-एहसान-लॉय यांच्या. म्हणजे एकाच अल्बममध्ये पन्नास वर्षांपूर्वीची नाट्यपदे आणि आजच्या संगीतकारांची गाणी शेजारी-शेजारी बसली आहेत.

हा अल्बम सबंध का ऐकावा, याचे एक उदाहरण देतो. ‘घेई छंद मकरंद’ हे पद यात दोनदा आहे. एकदा पंडितजींच्या गायकीत शंकर महादेवन यांच्या आवाजात, आणि एकदा खाँसाहेबांच्या गायकीत राहुल देशपांडे यांच्या आवाजात. शब्द तेच, पण चाल वेगळी, वळण वेगळे, स्वभाव वेगळा. दोन घराण्यांचे भांडण काय होते, ते ही दोन पदे लागोपाठ ऐकली की संवाद न ऐकताही समजते. आमच्या ओळखीच्या एकाने मोबाइलमध्ये गाणी भरून घेतली, तेव्हा दुकानातल्या मुलाने एकाच नावाची दोन गाणी पाहून एक ‘डबल’ म्हणून काढून टाकले. तो मुलगा हुशार आहे, त्याने जागा वाचवली. पण काढले नेमके काय, हे सांगणारे कोणी तिथे नव्हते.

महिन्यानंतरही ऐकतो का? या रकान्यात आमच्याकडे ‘होय’ आहे. बहुतेक पन्नाशीपुढचे, हे मान्य करतो.

मोठी जमा : ‘सैराट’

वर्षाची सुरुवात १ जानेवारीला ‘नटसम्राट’ने झाली. चित्रपट पुष्कळांनी पाहिला, हळहळलेही. पण तो नाना पाटेकरांच्या अभिनयासाठी लक्षात राहील, गाण्यांच्या वहीत त्याची मोठी नोंद नाही. गाण्यांची खरी जमा झाली एप्रिलमध्ये.

‘सैराट’ची गाणी महिन्याच्या सुरुवातीला आली आणि चित्रपट २९ एप्रिलला. मराठी चित्रपटाने शंभर कोटींचा आकडा पहिल्यांदाच ओलांडला, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच आहे. पण अल्बम म्हणून पाहिले तर गाणी फक्त चार : ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. एकूण वेळ साधारण वीस मिनिटे, म्हणजे जुन्या एल.पी.ची एक बाजू. संगीत अजय-अतुल यांचे, शब्द त्यांचे आणि नागराज मंजुळे यांचे. चारच गाणी असल्यामुळे भरतीचे एकही नाही.

या अल्बमची एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. यातले पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे संगीत अमेरिकेत, हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाले. भारतीय चित्रपटासाठी असे तिथे पहिल्यांदाच घडले. आजकाल बहुतेक गाण्यांत व्हायोलिनचा आवाज कीबोर्डमधून काढतात. एक माणूस, एक यंत्र, काम स्वस्तात होते. इथे मात्र व्हायोलिन, चेलो, बासरी, पितळी वाद्ये आणि हार्प वाजवणारी खरी माणसे एका दालनात बसली आणि करमाळ्याच्या रानातल्या पोरा-पोरीच्या गोष्टीसाठी वाजवून गेली. कीबोर्डच्या व्हायोलिनचा आवाज एका जागी उभा राहतो. तीस-चाळीस माणसे एकत्र वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा हात किंचित मागेपुढे होतो, आणि त्यातून आवाजाला भरीवपणा येतो. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर हे कळत नाही. आम्ही एका संध्याकाळी मंडळाच्या खोलीत मोठा स्पीकर लावून ‘सैराट झालं जी’ ऐकले, तेव्हा हे गाणे आपण आजवर अर्धेच ऐकत होतो असे सगळ्यांना वाटले.

आपल्या भागाशी या अल्बमचे दोन धागे आहेत. ‘सैराट झालं जी’ मध्ये अजय गोगावले यांच्याबरोबर गायली आहे चिन्मयी श्रीपाद. आपल्या घरातली मुले तिला मराठीतून नव्हे, तेलुगूतून ओळखतात. तेलुगू चित्रपटांत समंथाच्या तोंडून ऐकू येणारा आवाज पुष्कळदा चिन्मयीचाच असायचा. हे सांगितले तेव्हा मुलांचे डोळे चमकले. दुसरा धागा कथेचा. चित्रपटाच्या उत्तरार्धात आर्ची आणि परशा पळून येतात ते हैदराबादला, म्हणजे आपल्याच राजधानीत. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला तिथली तेलुगू परकी वाटली असेल, आमच्या पोरांना ती घरची वाटली. मराठी पडद्यावर आपल्यासारखी, दोन भाषांच्या मधे उभी असलेली माणसे आम्हाला तरी क्वचितच दिसली आहेत.

आणि बोली. ‘वेड’ म्हणायला ‘याड’, ही आपल्या आजीची भाषा. सीमेवरची आपली मराठी पुण्याच्या पाहुण्यांसमोर बोलताना आम्ही आयुष्यभर जरा आखडूनच बोललो. मुलांनी तर लाजून बोलायचेच सोडले होते. ‘सैराट’ची बोली सोलापूरकडची, आपली थोडी वेगळी, पण दोन्ही पुस्तकाबाहेरच्या. तीच बोली एवढ्या थाटाच्या वाद्यवृंदाबरोबर ऐकली, तेव्हा आमच्या घरातल्या मुलांची लाज कमी झाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. या सहामाहीतली सर्वांत मोठी जमा आम्ही हीच धरतो.

मांडवातला हिशेब

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. आमच्या अंदाजाप्रमाणे मंडलात असा एकही मांडव नसेल जिथे ‘झिंगाट’ वाजले नाही. तेलुगू घरांत वाजले, लंबाडा तांड्यांवर वाजले, मराठी घरांत तर दोनदा-तीनदा. दुसरे गाणे होते ‘पोश्टर गर्ल’ या फेब्रुवारीत आलेल्या चित्रपटातले ‘आवाज वाढव डीजे’. संगीत अमितराज यांचे, शब्द क्षितिज पटवर्धन यांचे, आणि गायले आहेत आनंद शिंदे व आदर्श शिंदे, म्हणजे बाप आणि लेक.

इथे थोडे थांबावेसे वाटते. आदर्शचे आजोबा म्हणजे प्रल्हाद शिंदे. त्यांची विठ्ठलाची गाणी आपल्याकडे पहाटे देवळाच्या भोंग्यावर वाजतात, आणि त्यांची भीमगीते बुद्धविहारात. एका घराण्याच्या तीन पिढ्या, आणि तिन्ही आवाज बाजारहत्नूरच्या हवेत एकाच दिवशी ऐकू येतात : पहाटे आजोबा, रात्री मांडवात मुलगा आणि नातू. नावे माहीत असली की ही साखळी दिसते. नसली की तीन वेगळी गाणी.

‘झिंगाट’बद्दल एक गोष्ट लिहावी की नाही यावर आमच्यात चर्चा झाली, आणि लिहावी असे ठरले. चित्रपट पाहिलेल्यांना शेवट ठाऊक आहे. जातीबाहेर लग्न केले म्हणून त्या दोघांचे काय झाले, आणि ते करणारे हात कोणाचे होते, हे आपण सर्वांनी पाहिले. त्याच चित्रपटाचे गाणे आपण जातीतल्या लग्नांत वरातीपुढे वाजवतो, आणि वाजवताना कोणाला अडखळल्यासारखे होत नाही. नाचू नये असे आमचे म्हणणे नाही, आम्हीही उभ्या-उभ्या हात हलवले. पण चारांतले एकच गाणे उचलले की मागची गोष्ट मांडवाबाहेर राहते. अल्बम सबंध ऐकला असता तर ‘याड लागलं’ संपल्यावर थोडी शांतता घ्यावी लागली असती.

१४ एप्रिलची जमा

नव्या गाण्यांचा हिशेब करताना मोठ्या शहरांतली माणसे एक गोष्ट विसरतात. आपल्या भागात दरवर्षी न चुकता नवी मराठी गाणी येतात ती भीमजयंतीला. यंदा तर बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीवर्षाची सांगता होती. वस्तीवस्तीत स्पीकर होते, आणि नव्या गाण्यांबरोबर वामनदादा कर्डक यांची जुनी गाणीही होती. वामनदादा २००४ मध्ये गेले, प्रल्हाद शिंदेही त्याच वर्षी. पण बारा वर्षांनंतरही त्यांच्याशिवाय जयंती होत नाही.

ही गाणी पुरस्कारांच्या यादीत येत नाहीत आणि वर्तमानपत्रांच्या आढाव्यातही दिसत नाहीत. आमच्या वहीत मात्र टिकण्याच्या रकान्यात त्यांचाच क्रमांक वर आहे. कारण ती ऐकणारा माणूस ती पाठ करतो, आणि पुढच्या वर्षी स्वतः म्हणतो. मुदत ठेव म्हणतात ती अशी.

न झालेली वसुली

आता रिकामा रकाना. या सहा महिन्यांत चित्रपटाबाहेरचा, केवळ गाण्यांसाठी केलेला असा एकही नवा मराठी अल्बम आमच्यापर्यंत पोचला नाही. आला नसेल असे आम्ही म्हणत नाही, इथे पोचला नाही एवढेच खात्रीने सांगतो. पूर्वी असे नव्हते. १९९८ मध्ये ‘गारवा’ आला तेव्हा आमच्या शाखेतल्या तरुण कारकुनाने ती कॅसेट नांदेडहून आणली होती आणि ती पाच घरे फिरून परत आली. मिलिंद इंगळे यांचे संगीत व आवाज, आणि सौमित्र यांच्या कविता. गाण्यांच्या मधे कवितावाचन, त्यामुळे पुढे ढकलून ऐकण्याची सोयच नव्हती. पावसाळा आला की अजूनही आम्ही ती शोधतो. २००३ पासून संदीप खरे व सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’नेही असाच श्रोता बांधला.

हे आता का पोचत नाही? कारण पोचवणारा बदलला. कॅसेटचे दुकानदार असत, त्यांना गिऱ्हाइकाची आवड ठाऊक असे, ते काउंटरखालून काढून देत. सी.डी.चे दिवसही सरत आले. आता आमच्याकडे गाणे येते ते मोबाइलच्या दुकानातून, मेमरी कार्डात. पैसे द्यायचे, आणि दुकानदार संगणकातून ‘नवीन मराठी’ नावाचे सबंध फोल्डर ओतून देतो. चार जीबीचे कार्ड आणि एक गाणे साधारण पाच एमबीचे धरले, तर सातशे-आठशे गाणी झाली. सलग ऐकायची म्हटली तर जवळजवळ पावणेतीन दिवस लागतील. एवढी गाणी कोणी ऐकत नाही. वरची पंधरा-वीस वाजतात, बाकीची नुसती पडून राहतात.

त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे नावे जातात. कार्डातल्या गाण्याच्या जागी एखाद्या वेबसाइटचे नाव आणि एक आकडा असतो. कवी कोण, चाल कोणाची, काही नाही. आमच्या बँकेत खातेदाराचे नाव नसलेली रक्कम आली तर ती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकत, आणि तिचा धनी सापडेपर्यंत वरिष्ठ रोज विचारत. आपल्या मोबाइलमधली सगळी मराठी गाणी आज सस्पेन्स खात्यात आहेत, आणि विचारणारे कोणी नाही.

नावाला पैशाचीही बाजू आहे. २०१२ मध्ये आपल्या देशात कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यापूर्वी बहुतेक गीतकार-संगीतकारांना एकदाच रक्कम देऊन सगळे हक्क लिहून घेतले जात. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला. दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले तर गीतकार व संगीतकार यांना मानधनाचा वाटा मिळण्याचा हक्क राहतो, आणि तो करारात लिहून काढून घेता येत नाही. चांगला कायदा आहे. पण दुकानातून भरलेल्या कार्डाची कुठेच नोंद नसते, म्हणून त्यातून कोणालाच काही जात नाही. कॉलर ट्यून घेतली, अधिकृत सी.डी. घेतली किंवा कंपनीच्या स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर गाणे पाहिले, तर नोंद होते आणि वाटा निघू शकतो. आमच्याकडे नेटवर्क रडतखडत चालते, हे खरे. पण ‘गारवा’सारखे काही पुन्हा निघावे असे वाटत असेल, तर निदान आवडलेल्या एका अल्बमचे पैसे मोजायला हरकत नाही.

एक वही, दुसऱ्या लिपीत

हा हिशेब आम्हाला इतका जिव्हाळ्याचा का वाटतो, ते शेवटी सांगतो.

किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यांची पुनर्रचना झाली, किनवट तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. सोयरीक, बाजार, माहूरची वारी, काहीच तुटले नाही. पण शाळा बदलल्या. आमची पिढी मराठी वाचत मोठी झाली, मुलांनी तेलुगू घेतली, नातवंडे इंग्रजीत शिकतात. घरात मराठी ऐकू येते, वाचता येत नाही. म्हणजे पुस्तक, मासिक, हे संकेतस्थळसुद्धा त्यांच्यासाठी बंद दार. उघडे राहिलेले दार एकच, कानाचे.

मे महिन्यात आमच्या गल्लीतला नववीतला एक मुलगा वही घेऊन आला. त्याने ‘सैराट’ची चारही गाणी ऐकून-ऐकून उतरवली होती, तेलुगू लिपीत. शब्द कुठे तोडायचा ते माहीत नसल्याने दोन शब्दांचा एक झाला होता आणि एकाचे दोन. त्याला विचारायचे होते की ‘सैराट’चा अर्थ काय. घरी कोणी नीट सांगू शकले नाही. आम्ही सांगितले : दावे तुटलेले जनावर जसे बेफाम धावते, तसे मोकाट, लगाम नसलेले. मग त्याने ‘झिंगाट’ विचारले, ‘बावरणे’ विचारले. एका तासात बारा-चौदा शब्द झाले. शेवटी त्याने विचारले, “आजोबा, हे लिहिले कोणी?”

कार्डात ते नाव नव्हते. आम्ही ते त्याच्या वहीत देवनागरीत लिहून दिले, आणि त्याने खाली तेलुगूत. मग त्यानेच पुन्हा एकदा, वेडेवाकडे का होईना, देवनागरीत लिहून पाहिले. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले ते पहिले मराठी शब्द होते.

मराठी वाचवायची कशी यावर मंडळात बरीच भाषणे झाली आहेत, आमचीही झाली. त्या तासाभरात जे झाले ते भाषणांतून झाले नव्हते.

पुढे ओढलेली बाकी

तेरीज अशी. आरंभीची शिल्लक चांगली, जमा एक पण भारी, भीमगीतांची ठेव कायम, चित्रपटाबाहेरच्या गाण्यांची वसुली शून्य आणि नावांची थकबाकी मोठी. ती थकबाकी आपली आपल्याला फेडता येईल. त्यासाठी डिसेंबरपर्यंत एवढे करायचे ठरवले आहे :

१. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत एक अल्बम, क्रमाने, सबंध ऐकायचा. मधे बोलायचे नाही, बोलणे चहाबरोबर. जुलैमध्ये १५ तारखेला आषाढी आहे, म्हणून त्या महिन्याची बैठक तेवढी आधी, आषाढीच्या आदल्या संध्याकाळी घेऊ आणि पंडित भीमसेन जोशींची अभंगवाणी ऐकू. ऑगस्टमध्ये ‘कट्यार’, दोन्ही ‘घेई छंद’सह.

२. प्रत्येक गाण्याचे नाव, कवी, संगीतकार व गायक एका कागदावर देवनागरी आणि तेलुगू अशा दोन्ही लिप्यांत लिहून भिंतीवर लावायचे. लिहिण्याचे काम मुलांकडे, तपासण्याचे आमच्याकडे.

३. मोबाइलच्या दुकानातल्या मुलाशी बोलणे झाले आहे. गाण्यांची नावे नीट लिहिलेले फोल्डर आम्ही तयार करून दिले तर तो ते गिऱ्हाइकांना दाखवायला राजी आहे. पण फुकट वाटायचे की पैसे भरून घेतलेल्या गाण्यांचेच नुसते नावांचे पत्रक द्यायचे, यावर आमच्यात एकमत नाही. आम्ही पत्रकाच्या बाजूचे. आपले मत कळवावे.

४. जानेवारी ते जूनमध्ये आलेला एखादा मराठी अल्बम आमच्या वहीत राहून गेला असेल, तर कृपया नावानिशी कळवा. इच्चोडा, बोथ, उटनूर, आदिलाबाद, किनवट, जिथे असाल तिथून. विशेषतः चित्रपटाबाहेरचा. नोंद करताना संगीतकार व कवी यांची नावे जरूर लिहा, नाहीतर ती रक्कमही सस्पेन्समध्येच जाईल.

३१ डिसेंबरला पुन्हा वही उघडू. तो मुलगा तेव्हा दहावीत असेल, अभ्यासाचा ताण असेल, पण रकाने मारायला येतो म्हणाला आहे.